देवाच्या हातातली चप्पल

काल संध्याकाळी माझ्या चित्राच्या प्रिंट आल्या. तिन्ही साईझ नीट आल्यात आणि मुख्य म्हणजे यावेळी काळा रंग बसलाय. ज्यांनी पैसे भरून दोन अडीच महिने शांतपणे वाट बघितली त्यांना सगळ्यात आधी पाठवणार, सोमवारपासून पोस्टात टाकायला सुरुवात करते. पण त्याआधी हे चित्र कुठून आलं ते एकदा सलग लिहून काढायचंय, कारण तुकड्यातुकड्यात बऱ्याच जणांना सांगितलंय आणि प्रत्येकाला वेगवेगळा तुकडा माहितीये.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, चित्र असं आहे. लोणंदचा पालखी तळ, दुपार उतरलेली, नुकतीच सर येऊन गेलीये. रस्त्याच्या कडेला चार बांबूंवर ताडपत्री ताणलीये आणि तिच्याखाली माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, वारकऱ्यांच्या चपला शिवत बसलेत. समोर रांग आहे. पहिली एक म्हातारी, डोक्यावरची तुळस खाली उतरवून तिच्या शेजारीच टेकलीये. मग एक पखवाजवाला, पखवाज पोटाशी तसाच बांधलेला. तिसरा विठोबा. मुकुट नाही, पितांबर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, कानात मकरकुंडलं, गळ्यात तुळशीची माळ. एक हात कमरेवर आहेच, दुसरा हात कमरेवरून काढून त्याने अंगठा तुटलेली चप्पल धरलीये आणि पुढच्याच्या खांद्यावरून डोकावून आपला नंबर कधी येतोय ते बघतोय. त्याच्यामागे तीनचाकी सायकलवर बसलेली एक बाई, तिच्या मांडीवर तिच्या नवऱ्याची चप्पल, कारण सायकल तो ढकलतो त्यामुळे झिजते ती त्याचीच. आणि रांगेच्या कडेने स्टीलचा जग घेऊन पाणी वाटत फिरणारा आमच्या शेजारच्या मुसलमान आळीतला एक पोरगा, डोक्यावर टोपी, कपाळाला कुणीतरी लावलेला बुक्का. चित्राचं नाव 'नंबर'.

यातलं विठोबा सोडला तर बाकी सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आम्ही लोणंदचे, चर्मकार समाजाचे. हे मी आधी कुठे लिहायचे नाही, लपवायचं म्हणून नाही पण चित्रकार म्हणून ओळख करून देताना मध्ये ते कशाला असं वाटायचं, आता वाटत नाही. माऊलींची पालखी नीरेत पादुकांचं स्नान झालं की सातारा जिल्ह्यात शिरते आणि पहिला मोठा मुक्काम आमच्या गावात पडतो. आम्हा पोरांना दिवाळीपेक्षा तेच दिवस मोठे. शाळा बंद, गावात पाय ठेवायला जागा नाही, प्रत्येक घराच्या ओट्यावर कुणीतरी झोपलेलं, कुठे पिठलं शिजतंय, कुठे धोतरं वाळतायत, आणि रात्रभर कुठल्या ना कुठल्या बाजूने टाळ ऐकू येतायत. आबा पालखीच्या आदल्या दिवशीच ताडपत्री बांधून ठेवायचे. सुतळीला मेण लावून बंडल करून ठेवायचे, जुन्या टायरचे तळ कापून ठेवायचे, टोचायच्या आरीला धार, चामडं कापायच्या रापीला धार. आळंदीपासून तिथपर्यंत चालत आलेल्या चपला म्हणजे काय अवस्था असते ते बघितल्याशिवाय कळत नाही, कुणाचा अंगठा गेलेला, कुणाचा तळ मधूनच दुमडलेला, कुणी पट्ट्याच्या जागी साडीची किनार बांधून चालत आलेलं. आबा त्या दिवसांत कुणाकडूनही एक पैसा घ्यायचे नाहीत. वर्षभर त्याच कामावर घर चालायचं आणि या दिवसांत सगळं फुकट, त्यावर आज्जी कधी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही, ती शेजारी चूल मांडून चहा करत बसायची.

आणि चप्पल शिवून झाली की वारकरी आबांच्या पाया पडायचे.

वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, माऊली म्हणतात, त्यात लहानथोर काही नसतं, हे तुम्हाला माहितीये. पण माझ्या डोक्यात ते दृश्य पक्कं बसलंय कारण एरवी वर्षभर मी उलटं बघायचे. गावातल्या काही घरांच्या ओट्याखाली उभं राहून आबांनी चपला घ्यायच्या आणि तिथेच खाली ठेवून यायच्या, पैसे वरून हातावर पडायचे. मी त्यांच्याबरोबर पिशवी धरायला जायचे म्हणून मला माहितीये. आणि मग आषाढात कुठल्या कुठल्या गावची, परभणीची, बीडची, नगरची माणसं यायची आणि त्याच माणसाच्या पायाला हात लावायची. आबा अवघडून जायचे, "अवो नगा नगा माऊली" म्हणत आपणच वाकायचे. मला तेव्हा त्याचा अर्थ नीट कळत नव्हता, आपले आजोबा या दिवसांत मोठे होतात एवढंच कळायचं.

आबांची आई, माझी पणजी, पंढरपूरला पायी जायची. मी तिला पाहिलेलं नाही, आबांकडून ऐकलंय. ती इथून चालत जायची, चंद्रभागेत अंघोळ करायची, आणि महाद्वारापर्यंत जायची. पुढे नाही. महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे, मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना कुसू कोसळून १३३८ साली ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी तिथे आणून ठेवल्या असं सांगतात, तर पणजी त्या समाधीला डोकं टेकवायची, बाहेरूनच कळस बघायची आणि मागे फिरायची. इतकी वर्षं तिची वारी ती तेवढीच होती. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि १० मे ला उपोषण सुटलं, देऊळ सगळ्यांना उघडं झालं, त्यानंतर केव्हातरी आबा तिला घेऊन आत गेले. तिने पायाला हात लावला आणि बाहेर आल्यावर आबांना एवढंच म्हणाली म्हणे, "लई गार लागले रं पाय." आबांनी हे मला इतक्या वेळा सांगितलंय आणि दर वेळी तिथे येऊन थांबायचे.

२००९ ला आबा गेले. त्यांची तीन पायांची लोखंडी ऐरण, जिच्यावर चप्पल उलटी ठेवून ठोकतात ती, माझ्याकडे आहे, स्टुडिओत खिडकीपाशी ठेवलीये. स्टुडिओ म्हणजे आमच्या पुण्याच्या फ्लॅटमधली मागची खोली, पण तिथे उत्तरेचा उजेड येतो आणि मला तेवढं पुरतं.

हे चित्र मी बारा तेरा वर्षं काढायचं म्हणत होते. संतांची चित्रं मी आधीपासून काढते, जनाबाई काढली, सोयराबाई काढली, कान्होपात्रा काढली, सावतोबा त्यांच्या मळ्यात काढले. आपल्याकडच्या गोष्टींत विठोबा किती कामं करतो बघा ना, जनीबरोबर दळतो, गोरोबांच्या घरी मडकी करतो, चोखोबांबरोबर मेलेली ढोरं ओढतो. लहानपणी मी आबांना विचारलं होतं की मग तुमच्याबरोबर चपला शिवायला का येत नाही, तर आबा हसले फक्त. मी तसं एक स्केच केलंही होतं, विठोबा आबांच्या शेजारी बसून टाका घालतोय. पण ते मला पटेना. कितीतरी दिवस भिंतीला लावून ठेवलं आणि रोज बघायचे आणि काहीतरी खोटं वाटायचं. मग एका रात्री कळलं काय चुकतंय ते. मला मदतीला आलेला देव नको होता. आबांना कुणाच्या मदतीची गरजच नव्हती, त्यांच्या हाताला तोड नव्हती. मला असा देव हवा होता ज्याला आबांच्या कामाची गरज आहे. जो वारकऱ्यांबरोबर एवढं चालत आला, त्याच्या पायातली चप्पल तुटली, आणि आता तो अनवाणी रांगेत उभा आहे, सगळ्यांसारखा, मध्ये न घुसता. उठून लाईट लावला आणि पहाटेपर्यंत कोळशाने पूर्ण मांडणी केली. रंग भरायला मात्र पुढे चार महिने गेले, साडेतीन फूट बाय अडीच फूट, कॅनव्हासवर ॲक्रिलिक.

मग प्रदर्शनाचं झालं ते. कोणतं, कुठलं ते लिहीत नाही, त्याला आता अर्थ नाही. भक्तीवरच्या चित्रांचं सामूहिक प्रदर्शन होतं, माझी अकरा चित्रं घेतली होती, 'नंबर' सुद्धा. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी फोन आला की बाकीची दहा राहू द्या, हे एक उतरवू या. का, तर देवाच्या हातात चप्पल आहे, लोकांच्या भावना दुखावतील. बोलणारी व्यक्ती सभ्य होती, चिडून वगैरे नाही बोलली, उलट मला समजावत होती की ताई तुम्ही नुसती चप्पल काढून तिथे टाळ द्या ना हातात, ॲक्रिलिक आहे, एका दिवसात होईल. आणि वर, संतांच्या विषयात आपण जात कशाला आणायची.

मी फोन ठेवला आणि मला खरंच काही सुचेना. रडू पण येईना. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा आमच्याकडे आलेले होते. आप्पा लोणंदचे पेंटर. चपलांचं काम त्यांनी केलं नाही, पाट्या रंगवल्या आयुष्यभर. दुकानांच्या, ट्रकच्या मागच्या, निवडणुकीत भिंती, शाळेत सुविचार. डिजिटल फ्लेक्स आले आणि ते काम संपलं, पण मला ब्रश धरायला शिकवला तो त्यांनी, अक्षराची जाडी कुठे वाढवायची कुठे कमी करायची ते शिकवलं. त्यांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ चित्राकडे बघत बसले आणि म्हणाले, "पालखीत काय असतंय तायडे?"

मी म्हणाले, पादुका.

"मग? पायातलंच असतंय की. ते डोक्यावर घेत्यात, फुलं वाहत्यात, नीरेत न्हाऊ घालत्यात. आन ह्यानं हातात धरलं तर काय झालं?"

एवढं बोलून ते चहा ठेवायला आत गेले. मी मात्र तिथेच उभी. इतकी वर्षं वारीची चित्रं काढतेय आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज, त्यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून वारी सुरू केली असं मानतात, म्हणजे तीनशेहून जास्त वर्षं अख्खा महाराष्ट्र ज्याच्यामागे चालतोय ती पायात घालायची वस्तू आहे, आणि चांदीची होण्याआधी, लाकडाची होण्याआधी, पायातलं जे काही असतं ते बनवणारे हात कुणाचे असतात.

दुसऱ्या दिवशी टेम्पो करून अकराही चित्रं परत आणली. एकटं काढून बाकीची ठेवणं मला जमलं नसतं. भांडण केलं नाही.

प्रिंट काढायचं त्यानंतर ठरलं. त्याआधी मी प्रिंटच्या थोडी विरोधातच होते, वाटायचं की हाताने काढलेलं ते काढलेलं, छापील त्यात काय. पण हे चित्र भिंतीवर लागलं नाही म्हणून ते खोलीत पडून राहावं हे सहन होईना. आणि मला आमच्या घरातली ती लक्ष्मी आठवली. पणजीच्या काळापासून आमच्या घरात रविवर्मा पद्धतीची एक छापील लक्ष्मी होती, काचेच्या फ्रेममध्ये, कडेने वाळवीने खाल्लेली. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि तिथे दगडावर चित्र उतरवून एकेका रंगाला वेगळा दगड वापरून देवांची चित्रं छापली जायची. त्या चित्रांवर टीका खूप झाली, आम्हाला कॉलेजात पण नाकं मुरडायला शिकवलं होतं. पण माझ्या पणजीच्या बाजूने बघा. जिला देवळाच्या महाद्वारातून आत जाता येत नव्हतं तिच्या घरात, तिच्या चुलीच्या वर, देवी येऊन बसली होती ती छापील होती म्हणून. मूळ चित्र तिच्यापर्यंत कधीच आलं नसतं. कागदाला कुणी अडवू शकलं नाही. हे डोक्यात आल्यावर प्रिंटबद्दलचा माझा सगळा नाकउडवेपणा गेला तो गेलाच.

आता तांत्रिक, ज्यांना यात रस आहे त्यांच्यासाठी, बाकीच्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. पहिल्यांदा मूळ चित्राचा फोटो मीच काढला, टेरेसवर सावलीत, ट्रायपॉड लावून, आणि टेस्ट प्रिंट मागवली. विठोबाचा चेहरा म्हणजे नुसता काळा गोळा. डोळे नाहीत, नाक नाही, कुंडलं तेवढी दोन पिवळे ठिपके. झालं असं होतं की मी विठोबासाठी ट्यूबमधला काळा कधीच वापरत नाही, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळून काळा करते, त्यात मग कुठे निळसर झाक राहते कुठे तपकिरी, त्यामुळे चेहरा जिवंत वाटतो, ओल्या दगडासारखा. कॅमेऱ्याला आणि मशिनला ते सगळं एकच काळं दिसलं. दुसऱ्या वेळी चित्राच्या त्या भागावर उजेड दोन्ही बाजूंनी तिरका टाकून फोटो घेतला, गडद भाग थोडा उजळ केला, पण मग पावसाळी आभाळ पांढुरकं पडलं. तिसऱ्या वेळी कागद बदलला. चकचकीत कागद सोडून मॅट, सुती कागद घेतला, ३१० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, आणि पिगमेंट शाईवर छापणारा एक जण मिळाला जो स्वतः शेजारी बसून माझ्याबरोबर पट्ट्या पट्ट्या काढून रंग जुळवत बसला. साधी शाई काही वर्षांत उन्हाने उडते, पिगमेंट शाई बराच काळ टिकते, म्हणून खर्च जास्त असूनही तीच घेतली. चौथ्या वेळी विठोबाचे डोळे दिसले. या सगळ्यात अडीच महिने गेले, त्यामुळे तुम्हाला थांबावं लागलं.

छोट्या साईझसाठी मला हातकागद वापरायचा होता. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, कॉलेजात असल्यापासून मी तिथे जाते, सुती कात्रणांचा लगदा करून कागद बनवतात. त्याच्यावर थेट छापलं तर शाई पसरते त्यामुळे चित्र नाही छापता आलं, पण प्रत्येक प्रिंटच्या मागे जो जाड कागद लावलाय तो तिथला आहे. कापणाऱ्याने टाकलेल्या चिंध्यांचा कागद आबांच्या चित्राला पाठ देतोय, मला ते आवडलं.

पहिल्या टेस्टनंतर फक्त मोबाईलवरचा फोटो बघून ज्यांनी ऑर्डर दिल्या त्या १४३ झाल्या. मला वाटलं होतं वीस होतील. त्यात कोण कोण आहेत ते सांगावंसं वाटतं, नावं न घेता. एक वसईच्या ताई आहेत, कॅथलिक. त्यांनी 'नंबर' घेतलंच पण वर विचारलं की आमच्याकडच्या कुपारी बायकांच्या लाल लुगड्यातली मरियम तुम्ही काढाल का, माझी आजी दिसते तशी. मी आधी घाबरले, दुसऱ्याच्या श्रद्धेत आपण हात घालावा का. मग मला आंजेलो द फोन्सेका आठवले. गोव्याचे, १९०२ चा जन्म, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकले, आणि मरियम साडीत काढायचे, येशू आपल्या मातीतला काढायचे. गोव्यात त्यावरून त्यांना खूप बोलणी खावी लागली, मग ते पुण्यात आले, शिवाजीनगरच्याच ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम करत राहिले आणि १९६७ मध्ये पुण्यातच गेले. म्हणजे ज्या हातकागद संस्थेत मी कागद आणायला जाते त्याच भागात एक माणूस आयुष्यभर बसून हेच करत होता, आपल्या आया-बहिणींच्या चेहऱ्यात देव बघत होता. त्यांची चित्रं पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये आहेत, गोव्याला गेलात तर बीचवरून एक सकाळ काढून जाऊन या, मी गेल्या वर्षी गेले होते, त्यांच्या जलरंगातला तो गेरूसारखा तांबूस रंग मला अजून साधलेला नाही. तर वसईच्या ताईंनी आजीचे फोटो पाठवले, लुगडं कसं नेसतात त्याचा व्हिडिओ करून पाठवला, अंगठीपासून सगळं दुरुस्त करून घेतलं, आणि मरियम आता अर्धी झालीये.

एक मैत्रीण आहे, हो आता मैत्रीणच म्हणते, तृतीयपंथी आहे, सोलापूर जिल्ह्यातली. तिने 'नंबर' नाही घेतलं, तिला 'विठाबाई' हवी होती. जनाबाई विठोबाला विठाबाई म्हणते, आपण सगळेच माऊली म्हणतो, विठुमाऊली म्हणतो, कटेवर हात ठेवलेला तो सावळा देव आई पण आहे हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्यात काही वेगळं आहे असं वाटतच नाही. ती मला फोनवर म्हणाली, "ताई, लोक देवाला बाई म्हणतात तेव्हा कुणी हसत नाही. मला म्हणतात तेव्हा हसतात." मी त्यावर काय बोलणार. विठाबाईचं चित्र जुनं होतं माझं, चार वर्षांपूर्वीचं, तिने सांगितल्यावर मी ते परत काढायला घेतलं. आधीच्यात विठोबाला मी नुसती साडी नेसवली होती, आता बघितलं तर वेशांतर केल्यासारखं दिसत होतं. नव्यात साडी नाही, तोच पितांबर, तीच माळ, फक्त कडेवर लेकरू आहे आणि त्याच्या वजनाने कंबर एका बाजूला झुकलीये जशी कुठल्याही आईची झुकते. तिला ती पसंत पडली. तिच्या घरात पहिली प्रिंट लागली, मग मी ती विक्रीला ठेवली, तिची परवानगी घेऊन.

देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होतो, तिथे अभंग आणि आरती होते, त्याचं पण एक चित्र बऱ्याच जणांनी मागितलंय. ते यंदा मी स्वतः तिथे उभी राहून स्केच केल्याशिवाय काढणार नाही. फोटोवरून काढलेलं मला चालत नाही.

किमतीचं सांगते. 'नंबर' ए-थ्री १,४०० रुपये, ए-फोर ७००, दोन्ही सही करून, ए-थ्रीच्या फक्त १०० काढणार त्यातल्या ६८ गेल्या. कुणी म्हणतं महाग आहेत, कुणी म्हणतं ताई तुम्ही फार कमी लावता. कागद, शाई, मागचा हातकागद, पुठ्ठा, पीव्हीसीचा पाईप, पोस्ट हे सगळं धरून मी हिशोब केलाय आणि माझ्या दिवसांची मजुरी त्यात धरलीये, ती मी सोडणार नाही. आबा वारीत फुकट शिवायचे पण वर्षभर शिवणाचे पैसे घ्यायचे, आणि कुणी घासाघीस केली तर चप्पल खाली ठेवून शांत बसायचे. मूळ चित्र विकायचं नाहीये, कृपया विचारू नका, ते आप्पांचं आहे.

तिसरी साईझ पोस्टकार्डाची आहे आणि तिची किंमत ४० रुपये. ती खास एका कारणासाठी केली. पुण्यात एका बसस्टॉपच्या मागे एक काका चपला शिवायला बसतात, माझ्या बॅगेचा पट्टा नेहमी त्यांच्याकडेच शिवते. टेस्ट प्रिंटमधली एक छोटी त्यांना दाखवायला नेली होती. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ बघितलं. मला वाटलं विठोबाबद्दल काही म्हणतील. तर म्हणाले, "हे डावखुरे होते का?" मी थक्क झाले, कारण आबा डावखुरेच होते आणि १४३ लोकांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मग म्हणाले, "आरी बरोबर धरलीये. पण ऐरण अशी सपाट जमिनीवर नाही राहत, खाली पोतं पाहिजे, नाहीतर ठोकताना सरकते." घरी येऊन आबांच्या ऐरणीवर जुनी चप्पल ठेवून ठोकून बघितली, फरशीवर खरंच सरकली. मूळ चित्रात ऐरणीखाली घडी घातलेलं पोतं रंगवलं, वाळू दिलं, परत फोटो, परत पट्ट्या. तुमच्याकडे येणाऱ्या प्रिंटमध्ये ते पोतं आहे. टेस्टची प्रिंट ज्या तिघा चौघांकडे गेली त्यांच्यात नाही, त्यांना बदलून हवी असेल तर सांगा, देईन.

काकांना ते पोस्टकार्ड दिलं, त्यांनी पैसे देऊ केले, मी घेतले, चाळीस रुपये. आता ते लॅमिनेट करून पेटीच्या झाकणाला आतून लावलंय, पेटी उघडली की दिसतं.

पाचशे पोस्टकार्डं छापलीत. पालखी लोणंदला येईल तेव्हा आप्पा आणि मी तळावर बसणार आहोत, आबा बसायचे तिथेच, ताडपत्री आहे अजून घरात. पोस्टकार्डाच्या मागे 'नंबर' हे नाव आणि खाली आकडा आप्पा हाताने लिहितायत, लाल रंगात, ट्रकच्या मागे लिहायचे त्या अक्षरात, हात थरथरतो त्यांचा आता म्हणून दिवसाला पंधरावीसच होतात. काल रात्री एकशे बाराव्यापर्यंत आले होते. मी म्हणाले आप्पा राहू द्या, मी शिक्का करून घेते. ते म्हणाले, "तू रांग लावायला सांग. नंबर मी टाकतो."